जोडीच्या सायकली

पुतण्यानं हौसाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. वर चंदनाचा हार. फोटोत ती खुर्चीत बसली आहे, हात मांडीवर, पदर नीट, नजर समोर. कुणाच्या तरी लग्नात फोटोवाल्यानं धरून बसवली असणार. येणारेजाणारे म्हणतात, "काय शांत दिसत्यात काकू!" पण खरं सांगू? ती फोटोतली बाई माझ्या ओळखीची नाही. माझी बायको बसत नव्हती.

बसतच नव्हती. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, परातीतली भाकरी हातात घेऊन दारात. भाकरी थापायला तरी बसावं लागतंय. तिथंही एका टाचेवर उकिडवी आणि दुसरा पाय उठायच्या तयारीत. भजनाला गेली तर खांबाला टेकून उभी. शेजारणी म्हणायच्या, "हौसाक्का, टेका की जरा." ही म्हणायची, "टेकलं की गंज चढतोय." घरात तिच्या पायांचा आवाज सारखा असायचा. आता तो नाही, तर मलाच बसवत नाही. एवढं लिहिलं तोवर दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. दारात काय आहे? काही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. उद्यमनगरात ऑईल इंजिनाच्या भागांचे साचे भरण्यात हयात गेली. वाळूत साचा भरायचा, लोखंड ओतायचं, निवेपर्यंत थांबायचं. थांबण्याचा पगार घेणारा मी, आणि घरात ही. आम्हाला मूल झालं नाही. ते दुखणं वेगळं, ते इथं काढत नाही. इथं सायकलींचं सांगायचं आहे, कारण सायकलीशिवाय हौसा सांगताच येत नाही.

तिचं माहेर म्हणजे पन्हाळ्याच्या पलीकडं, पठाराच्या खाली एक वाडी. पाच-सात घरं. वडील आधीच गेलेले, भाऊ नाही. आई एकटी. म्हातारीच्या डोळ्यांत फूल पडत चाललं होतं, पण घर सोडायची नाही. "माझ्या दाराला कुलूप लावून मी कुठं येऊ? कुलूप लावल्यालं घर आत आत पडतंय," म्हणायची. पीठ-मीठ, सरपण, पाणी भरणं, सगळं शेजारच्यांच्या भरवशावर. एसटी पन्हाळ्यापर्यंत. तिथनं पुढं पठारावरनं पायवाट. चालत जाऊन-येऊन दिवस पुरायचा नाही, आणि आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारची एक. सत्तरच्या आसपासची गोष्ट ही. मुक्काम केला की माझी हजेरी बुडायची. आणि बाईमाणसाला एकटीला सोडायला आमच्या घरात कबूल नव्हते.

आमच्या घरात म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा. पेठेतल्या तालमीत वजन असलेला माणूस. शब्द टाकला की संपलं. हौसा त्यांच्यासमोर पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि थेट त्यांच्याशी बोलायची नाही, चुलीशी बोलायची. एवढ्या मोठ्यानं, की चुलीच्या निमित्तानं आळीला ऐकू जावं.

अण्णा म्हणाले, "म्हातारीला हिकडं आणा. वाडीचं घर मोडून टाका."

हौसा चुलीला म्हणाली, "माझी आई म्हंजे काय गाठोडं हाय, उचललं आणि माळ्यावर टाकलं?"

"मग दर आठवड्याला जाणार कसं?"

"सायकलीवरनं."

"महादूच्या मागं बसून? त्यो घाट? ती पायवाट?"

"मागं न्हाय. मागं बसून जल्मभर ह्यांची पाठच बघायची व्हय? माझी सायकल येगळी."

अण्णांच्या हातातला पेला हातातच राहिला. आमच्या घरची बाई सायकलवर, पेठेतनं! पण तालमीतला माणूस, आव्हान आलं की चेव यायचा. म्हणाले, "बरं. घाट चढून दाखव. मी वर नाक्यावर हुबा ऱ्हातो. चढलीस तर म्हातारी ऱ्हाईल तिच्या घरात. न्हाय जमलं तर त्याच सोमवारी तिला घेऊन यायचं. कबूल?"

हौसा चुलीला म्हणाली, "कबूल म्हणावं."

एवढ्यावर एका म्हातारीचं घर टांगलं गेलं.

सायकल चालवायला ती गांधी मैदानात आठ-पंधरा दिवसांत शिकली. कासोटा खोचून, ढोपरं फोडून. ते सांगत नाही; सगळे तसंच शिकतात. सायकल निवडायची तिची तऱ्हा मात्र सांगतो. रोज सकाळी ती गंगावेशीत जाऊन उभी राहायची. खेड्यापाड्यांतले गवळी दुधाच्या किटल्या सायकलीला लावून तिथं उतरायचे. हिचं म्हणणं, आपल्याला जो रस्ता आहे त्या रस्त्यानं रोज कोण येतंय? गवळी. मग त्यांची सायकल बघायची. ती एकेक सायकल मागनं उचलून बघायची, टायर अंगठ्यानं दाबायची, पुढचा मडगार्ड का काढून टाकलाय ते विचारायची. "पावणं, ही दांडी डबल का?" "पावणं, उताराला बिरेक लागतोय का नुसताच वाजतोय?"

एक गवळी वैतागून म्हणाला, "अवो बाई, सायकल घेताय का नवरा बघताय?"

"नवरा न बघताच मिळाला," हौसा म्हणाली, "सायकल तरी बघून घेती."

सगळा गवळीवाडा हसला. मी बाजूला बिडी शोधत उभा.

मग आम्ही रसूलभाईच्या दुकानात गेलो. रसूलभाई आमच्याच पेठेतला, बापापासनं सायकलींचा धंदा, आवाज भोंग्यासारखा. त्यानं आधी एक लेडीज सायकल बाहेर काढली. मागच्या चाकाला जाळी, पुढं टोपली, गुळगुळीत निळा रंग. हौसानं तिला हातसुद्धा लावला नाही.

"ही रंकाळ्यावर फिरवायची, रसूलभाई. पठारावर हिचं कंबरडं मोडंल."

"मग जेन्टस घ्या वैनी. पर तुम्हाला बावीस इंची. महादबाला चोवीसची. तुमची उंची केवढी, त्याची केवढी."

झालं. तिथंच घोडं अडलं. हौसा शेतकऱ्याची पोर. लहानपणी बापाबरोबर बैलाच्या बाजारात फिरलेली. तिच्या डोक्यात एकच: दोघांनी मिळून जायचं म्हणजे जोडी, आणि जोडी म्हणजे उंचीला उंची.

"एक उच्ची, एक बुटकी? छे. वढ एका अंगावर येती. बुटकं जनावर मरतंय."

"वैनी, हे बैल न्हवं! जुवाला कुठं जुंपायच्या हायत?"

"एका रस्त्याला जुंपायच्याच हायत की."

तिनं दोन चोवीसच्या डबल दांडीच्या सायकली शेजारीशेजारी उभ्या करायला लावल्या. मागं जाऊन उकिडवी बसली आणि एक डोळा मिटून दोन्ही सीटं एका रेषेत येतात का बघितली. पुढं जाऊन हँडलं बघितली. सीटवर थाप मारली. रसूलभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "दात बघायचं ऱ्हायलं, वैनी!"

"रंग तेवढा सारका द्या," ती म्हणाली.

चोवीसची सायकल, आणि हौसा माझ्या खांद्याला लागणारी. सीट पार खाली बसवलं, रसूलभाईनं पायडलांना लाकडी ठोकळे मारले, तेव्हा कुठं पाय पुरले. पण पाय पायडलाला पुरला तरी जमिनीला पुरेना. मागं कॅरिअरवर म्हातारीचं पीठ-तांदूळ बांधलेलं, त्यामुळं मागून टांग टाकायची सोय नाही. मग तिनं काय केलं? दगडावर पाय ठेवून चढायचं, आणि दगड दिसेल तिथंच उतरायचं. मधे कुठंही थांबणं नाही. शिवाजी पुलापासून पठारापर्यंत कुठं मैलाचा दगड, कुठं मोरीचा कठडा, कुठं पार, सगळं तिला पुढं पाठ झालं. मी म्हटलं, "हौसे, बावीसची बदलून आणू. रसूलभाई न्हाय म्हणायचा न्हाय."

"जोडी फोडायची न्हाय," ती म्हणाली. विषय संपला.

अण्णांचा सोमवार आला. अण्णा पहिल्या एसटीनं पन्हाळ्याला गेले, फेटा बांधून. नाक्याजवळच्या हॉटेलात भजी घेऊन रस्त्याकडं तोंड करून बसले. आम्ही खालून निघालो. वाघबिळापासून चढ लागला तशी माझी छाती भात्यासारखी वाजायला लागली. मी उतरून ढकलत होतो. ही उतरेना. उतरणार कशी? पुढचा कठडा लांब होता. दात आवळून, उभी राहून पायडल मारत, नागमोडी, या कडेनं त्या कडेला अशी ती वर सरकत होती. कठड्याला टेकायची, श्वास घ्यायची, परत निघायची.

नाक्यावर अण्णा उठून रस्त्यात आले. आता आमच्यात रीत अशी, की थोरला दीर रस्त्यात दिसला तर बाईनं थांबायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, वाकायचं. गाडीत असली तरी उतरायचं. अण्णांनी हात वर केला. "थांब, थांब!"

तिथं दगड नव्हता.

हौसा त्यांच्या अंगावरनं गेली. सरळ. पदर पाठीवर, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. नजरसुद्धा वळवली नाही. हॉटेलातली माणसं उठून बघायला लागली. मी मागून ढकलत ढकलत पोचलो, तर अण्णांचा चेहरा तांबडा झालेला.

"बघितलंस? दिराला वळखत न्हाय तुझी बायकू!"

मी तोंड उघडणार, एवढ्यात पुढल्या वळणावर कठड्याला टेकून उभ्या असलेल्या हौसानं लांबनंच माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं. नंतर म्हणाली, "सायकल उच्ची पडली म्हणून सांगितलं तर म्हणतील, सायकल चुकली, पैज हारली. त्यापेक्षा उद्धट म्हणू द्यात."

अण्णा कितीक दिवस तिच्या हातचं पाणी प्याले नाहीत. पण तालमीतला माणूस, शब्दाला पक्का. चारचौघांत म्हणाले, "बाई उद्धट हाय. पर चढली." म्हातारी तिच्या घरात राहिली. आणि माझ्या बायकोनं उद्धटपणाचा शिक्का कपाळावर घेतला तो घेतला. जावा-नणंदांनी टोमणे मारले, तरी तिनं शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

त्या दिवशी वाडीवर पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात आली. दिसायचं तिला अंधुकच. हात पुढं करून तिनं दोन्ही सायकली चाचपल्या. एका सीटवर एक हात, दुसऱ्यावर दुसरा. हात एका रेषेत आले. म्हातारीचं तोंड उजळलं.

"एका उंचीच्या हायत गं. शानी हाय माझी पोर."

मग आत जाऊन कुंकू आणलं आणि दोन्ही हँडलांना लावलं. मला म्हणाली, "जावयबापू, ह्यांस्नी वैरण काय घालायची?"

त्यानंतर बावीसची सायकल आणायचा विषय मी कधीच काढला नाही. काढून उपयोग नव्हता.

दर सोमवारी आम्ही जायला लागलो. सुगी असो, शिमगा असो. बरीच वर्षं. पेठेतली पोरं आधी शिट्ट्या मारायची, मग सवय झाली, मग "काकी, निघाला व्हय?" म्हणून विचारायची. रस्ता कसला होता म्हणाल, तर पन्हाळ्याच्या पुढं रस्ता नव्हताच. जांभ्या दगडाची फरशी, त्यात खळगे, मधेच मुरूम, मधेच कुणाच्या तरी बांधावरनं एक फूटभर वाट. पठारावर वारा असा की सायकल बाजूला सरकायची. हौसा कायम पुढं. आणि बोलत. सारखी बोलत! अर्धं मला ऐकू यायचं, अर्धं वाऱ्यावर जायचं. "...म्हणून मी तिला म्हटलं..." एवढं कानावर पडायचं आणि काय म्हटलं ते खालच्या दरीत. मी आपला सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणायचो. एकदा असाच व्हय म्हणालो आणि पुढल्या सोमवारी कळलं, की म्हातारीचं छप्पर शाकारायला मी कबूल झालोय.

वाडीवर गेली तरी बसायची नाही. पाणी भर, सरपण फोड, आईचं डोकं धू, पोतेरं घाल. म्हातारी म्हणायची, "अगं, लेक म्हणून आलीस का गडी म्हणून? बस की माझ्याजवळ." ही म्हणायची, "बसलं की निघवत न्हाय." एवढंच एक वाक्य ती हळू आवाजात बोलायची.

मग ते साल. गुऱ्हाळं सुरू झाली होती. सकाळी मी कारखान्याला निघालेलो, तेवढ्यात वाडीकडचा गवळी दारात आला. म्हणाला, "म्हातारीनं दोन दिस झालं काय खाल्लं न्हाय. हौसाक्काचं नाव घेती."

मी म्हटलं, "एसटी बाराला हाय."

"बारापातूर मी काय करू? भिंती चाटू?" तिनं कासोटा खोचलासुद्धा.

त्या दिवशी ती मागं न बघता चालवत होती. बोलत नव्हती. माझा जीव चरकला तो त्यानंच. ती गप आहे म्हणजे आत काय चाललं असेल. घाटात निम्म्यावर आलो आणि माझ्या पायडलाची कॉटर पिन निसटली. पायडल नुसतंच लोंबायला लागलं. मी ओरडलो. ती पुढं होती, तिनं ऐकलं आणि तिथल्या तिथं उडी मारून उतरली. दगड बघितला नाही, काही नाही.

"काय झालं?"

"पिन गेली. माझी सायकल आता चालत न्हाय. तू जा."

"आणि तुम्ही?"

"मी ढकलत येतो. जा म्हटलं न्हवं!"

ती सायकलकडं वळली आणि थांबली. चढ उभा. मागं घाईघाईत बांधलेलं तांदळाचं गाठोडं. आसपास दगड नाही. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला गवत. तिनं एकदा प्रयत्न केला, सायकल मागं घसरली. दुसऱ्यांदा केला, पडली. तिचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. रडत नव्हती; रागावलेली होती, स्वतःच्या पायांवर, की एवढेच का म्हणून.

मी तिची सायकल धरली, एक गुडघा जमिनीला टेकला, दुसरा पुढं केला. म्हटलं, "हितं पाय ठेव."

"तुम्हांस्नी पाय लावू व्हय?"

"लाव की. घाट हाय ह्यो, देव्हारा न्हाय."

तिनं आधी वाकून माझ्या गुडघ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग पाय ठेवला. मांडीवर तिचा भार आला आणि गेला. एवढीशी बाई. काही वजनच नव्हतं. मी मागनं कॅरिअर धरून चार पावलं ढकललं आणि सोडलं.

मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारी जिवंत होती. हौसा तिला पेज पाजत होती, उभ्यानं नव्हे. आईचं डोकं मांडीवर घेऊन. पुढचे थोडे दिवस म्हातारी तशीच, मांडीवर. तिच्याच घरात, तिच्याच लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेली. तिचं मागणं एवढंच होतं आणि ते हौसानं पुरं केलं. अण्णा माती द्यायला वाडीपर्यंत चालत आले. हौसाला म्हणाले, "जिंकलीस." ती पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत राहिली. चूल विझलेली होती, बोलायला काही नव्हतं.

मी कामावर परत आलो. ती दिवसकार्यापर्यंत थांबली आणि निरोप धाडला, सोमवारी येते म्हणून.

हौसा आता गेली ती कशी गेली, दवाखान्यात काय झालं, ते मी लिहिणार नाही. त्यात तिचं काही नव्हतं. नळ्या होत्या, पंखा होता. मला ती दिसते ती त्या सोमवारची. मी नवी पिन बसवलेली माझी सायकल घेऊन शिवाजी पुलावर जाऊन थांबलो होतो. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, हवेत गुळाचा वास. लांबून ती येताना दिसली. कठड्याजवळ येऊन उतरली. मागं कॅरिअरवर काही नव्हतं.

"कुलूप घातलं?" मी विचारलं.

"न्हाय. शेजारणीला सांगितलंय, तुजी जनावरं बांध, सांजचा दिवा लाव. घर उघडं ऱ्हायलं पायजे."

मग ती कठड्यावर हात टेकून पंचगंगेकडं बघत राहिली. म्हणाली,

"आता सोमवारी काय करायचं ओ?"

मी म्हटलं, "जाऊ की."

"कुठं? कोण हाय तितं?"

"कोण कशाला पायजे? सायकली हायत."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे सुजलेले. मग कठड्यावर पाय ठेवला, सीटवर बसली, आणि हँडल शहराकडं नाही, आली त्याच तोंडाला वळवलं. चार पायडलं मारून ओरडली, "आवं, येताय न्हवं?"

मी सायकल वळवायला गेलो, तर उसाच्या गाड्या मधे आल्या. एकीमागं एक, संपेनात. दोन गाड्यांच्या फटीतनं ती दिसायची, परत ऊस मधे यायचा, परत दिसायची. पुढं पुढं जात होती. काहीतरी बोलत होती माझ्याशी, हात हलवून. एक शब्द ऐकू येत नव्हता. मी आपला इकडनं मोठ्यानं म्हणत होतो, व्हय, व्हय.